बाभळीचा पाला गोळा करायला निघण्याआधी

निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीलगत बाभळी आहेत आणि येवल्याच्या ममदापूरकडे, काळविटांच्या कोरड्या माळावरही. पाण्यामुळे झाडातली रसायनं कशी बदलतात हे पाहायला नाशिक जिल्ह्यात मला हीच जोडी उत्तम वाटते. दोन्ही क्षेत्रं संरक्षित आहेत. आत शिरायचं तर वनविभागाची परवानगी आधी हातात हवी, बांधावरचं झाड असेल तर शेतकऱ्याची.

निघण्याआधी एक समजूत काढून टाका. झाड कोरड्यात उभं म्हणून त्यात टॅनिन, म्हणजे पाल्याला तुरट चव देणारं द्रव्य, जास्त, असं सरळ गणित नाही. आफ्रिकेचं सवाना (विरळ झाडांचा गवताळ प्रदेश) असो की आपलं माळरान, पाणी थोडं कमी पडलं की आधी वाढ मंदावते. पानं मात्र अन्न बनवत राहतात, आणि शिल्लक कार्बन टॅनिनसारख्या द्रव्यांकडे वळू शकतो. ताण फार वाढला की पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटतात, अन्नच कमी बनतं आणि टॅनिनच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. म्हणून नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे अशा तीन फेऱ्या ठरवा. एकाच उन्हाळी फेरीवर निष्कर्ष काढू नका.

वहीतला पहिला रकाना पाण्याचा ठेवा. बाभळीचं सोटमूळ खोल जातं. वरची माती भुसभुशीत कोरडी असली तरी जवळ विहीर किंवा पाट असेल तर झाड तहानलेलं असेलच असं नाही. म्हणून पाण्याची स्थिती पानालाच विचारायची: तोडताच वजन, पाण्यात ठेवून फुगल्यावर वजन, पूर्ण वाळल्यावर वजन. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा लागेल. जमीन काळी की मुरमाड तेही लिहा, कारण नत्र कमी असलं तरी टॅनिन वाढू शकतं.

पानं एकाच वयाची, पूर्ण वाढलेली घ्या. शेळ्यांनी ओरबाडलेल्या फांद्या टाळा. लोखंडी विळा नको, टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं. स्टीलची कात्री घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाला घामेजतो, कागदी पाकिटं घ्या आणि पाला सावलीत वाळवा.

पाल्याच्या अर्काला फेरिक क्लोराइडने (लोहाच्या क्षाराने) निळा-काळा किंवा हिरवट रंग आला की टॅनिन आहे एवढंच कळतं. किती आहे हे मोजायला महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातला स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावणाचा रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) लागेल, तेव्हा तिथली वेळ आधीच मागून ठेवा. अर्क काढायला ७० टक्के ॲसिटोन वापरतात. ते चटकन पेट घेतं; हातमोजे घाला, जवळ शेगडी नको.

वाटेत धनगर भेटले तर शेळ्या कोणत्या झाडाला तोंड लावत नाहीत ते जरूर विचारा आणि त्या झाडाचाही पाला वेगळ्या पाकिटात घ्या. पाकिटावर नाव पेन्सिलीनेच लिहा.