भाच्याचा गेम का अडकत होता: माझा अनुभव
दहावी झाल्यावर भाच्याला गेमिंग कॉम्प्युटर द्यायचं कबूल केलं होतं. ग्राफिक्स कार्ड बजेटमध्ये बसेना, म्हणून रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला; त्यात ग्राफिक्स आतच असतं. जोडणी सोलापुरात ताईच्या घरीच केली.

तासाभरात हाक आली, "मामा, गेम अडकतोय!"

मे महिना, त्यात सोलापूरचं ऊन. मला आधी उष्णतेचाच संशय आला. पण प्रोसेसर सत्तर अंशांवर होता, म्हणजे ठीकच. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीची (रॅमची) माहिती उघडली. वेग २४००, रॅमच्या पट्ट्या (स्टिक) बसवायच्या चार स्लॉटपैकी एकच वापरात. दुखणं तिथेच होतं. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. आणि एकच स्टिक लावली की डेटाला ये-जा करायला एकच चॅनल, म्हणजे एकच वाट मिळते.

१६ जीबीची स्टिक बदलून ८-८च्या दोन आणल्या. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, खटका 'टक्' वाजेपर्यंत दाबून. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी चालू केलं; त्याने रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालते. ते करायचं राहून गेलं तर ३२००ची रॅमही कमी वेगानेच चालते.

भाच्याचा गेम, व्हॅलोरंट, आता सुरळीत चालतोय. पॉवर सप्लाय मात्र मी मुद्दाम चांगला ५५० वॉटचा घेतलाय. दिवाळीत ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, त्यालाही तो पुरायला हवा.