पेप्टाइड की पॉलिपेप्टाइड? आधी साखळ्या मोजा

अमिनो आम्लं एकमेकांना जोडून बनलेली साखळी म्हणजे पेप्टाइड. पॉलिपेप्टाइड हेही पेप्टाइडच, फक्त लांब. नेमकी रेष कुठे ओढायची यावर पुस्तकांचं एकमत नाही: कुणी १० अमिनो आम्लांपासून पॉलिपेप्टाइड म्हणतं, कुणी २० पासून. उत्तर लिहिताना आपल्या अभ्यासक्रमातली मर्यादा धरा आणि ती उत्तरात नमूद करा. ऑक्सिटोसिनमध्ये ९ अमिनो आम्लं असतात, म्हणून ते पेप्टाइड. ग्लुकागॉनमध्ये २९, ते पॉलिपेप्टाइड.

खरी चूक होते ती पेप्टाइड बंध, म्हणजे दोन अमिनो आम्लांना जोडणारे दुवे, मोजताना. सूत्र सोपं आहे: अमिनो आम्लांच्या संख्येतून साखळ्यांची संख्या वजा करा. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं आहेत म्हणून ५० बंध, असं बरेच जण लिहून मोकळे होतात. पण तिथे २१ आणि ३० अशा दोन साखळ्या आहेत, म्हणून पेप्टाइड बंध ४९. त्यांना जोडणारे गंधकाचे (डायसल्फाइड) पूल यात धरायचे नाहीत. सायक्लोस्पोरिनची साखळी मात्र वर्तुळासारखी बंद असते. तिला टोकच नाही, म्हणून ११ अमिनो आम्लांना ११ बंध.

प्रत्येक बंध जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, म्हणून रेणुभार काढताना प्रत्येक बंधामागे पाण्याचे १८ वजा करा. ग्लुटाथायोन घ्या: ग्लुटामिक आम्ल १४७, सिस्टीन १२१, ग्लायसीन ७५, बेरीज ३४३. बंध दोनच, म्हणून ३४३ − ३६ = ३०७. तीन आम्लं दिसली की तीनदा १८ वजा करण्याचा मोह होतो, तो टाळा. लांब साखळीचा अंदाज हवा असेल तर अमिनो आम्लांच्या संख्येला ११० ने गुणा.

पेप्टाइड बंध आहेत का हे रंगावरून ओळखायला प्रयोगशाळेत बाययुरेट चाचणी करा. परीक्षानळीत २ मिली द्रावण आणि २ मिली १०% सोडियम हायड्रॉक्साइड घ्या, मग १% मोरचुदाचे ३-४ थेंब टाकून हलवा. जांभळा रंग यायला किमान दोन पेप्टाइड बंध लागतात, त्यामुळे डायपेप्टाइडला तो सहसा येत नाही. छोट्या साखळ्यांची छटा गुलाबीकडे झुकते, पण रंगावरून लांबी ठरवायला जाऊ नका. मोरचूद जास्त पडलं तर त्याच्याच निळ्या रंगात जांभळा बुडतो. नमुन्यात अमोनियम सल्फेट उरलं असेल तर गडद निळा रंग येऊन फसगत होते. म्हणून असा नमुना आधी डायलिसिस करून (बारीक छिद्रांच्या पडद्यातून क्षार बाहेर जाऊ देऊन) घ्या; मात्र छोटे पेप्टाइड त्या पडद्यातून निसटून जातात.

पॉलिपेप्टाइड आणि प्रथिन यांत घोळ नको. हिमोग्लोबिन हे एक प्रथिन, पण त्यात पॉलिपेप्टाइड साखळ्या चार.