पावसानंतर कातळ आतून सुकलाय की नाही, हे कसं ओळखायचं

‘पाऊस थांबल्यावर चोवीस तास थांबा, मग खुशाल चढा’ हा सल्ला जवळपास प्रत्येक प्रस्तरारोहकाने ऐकलेला असतो. तो विसरून जा. येऊन गेली ती एक सर होती की दोन दिवसांची झड, भिंतीवर ऊन येतं की ती कायम झाडांच्या सावलीत असते, दगड कुठल्या जातीचा, यातलं काहीच घड्याळाला कळत नाही.

आधी दगड ओळखा. ग्रॅनाइट आणि घट्ट बेसॉल्ट फारसं पाणी पीत नाहीत. ऊन-वारा मिळाला की ते काही तासांत कोरडे होतात, आणि त्यांच्या बाबतीत वरून कोरडं म्हणजे बहुतेकदा कोरडंच. भेगांच्या तळाशी आणि शेवाळाच्या पट्ट्यांवर तेवढी नजर ठेवा.

चुनखडीचा हिशोब वेगळा. ओव्हरहँग असलेला, म्हणजे बाहेर झुकलेला, चुनखडीचा कडा भर पावसात कोरडा राहतो आणि लख्ख ऊन पडल्यावर काही दिवसांनी गळू लागतो, कारण माथ्यावर मुरलेलं पाणी आतल्या फटींतून खाली यायला वेळ लागतो. तिथे कालच्या नव्हे, गेल्या आठवड्याच्या पावसाची चौकशी करा.

आता वालुकाश्म. मला सर्वांत जास्त वेळ लागला तो हाच दगड समजायला. वाळूचे कण एकमेकांना बांधणारा पदार्थ सिलिकाचा असेल तर दगड बराच तग धरतो. चिकणमातीचा किंवा कॅल्साइटचा असेल तर पाणी मुरल्यावर ती बांधणी सैल पडते. काही वालुकाश्मांची ताकद ओलेपणी निम्म्यावर येते. वर्षानुवर्षं वजन पेललेला होल्ड, म्हणजे हातापायाने धरायची जागा, मग सरळ हातात येतो; पडलो तर दोर अडवायला भेगेत बसवलेला कॅम भेगेचा कडा फोडून बाहेर निघतो. तुटलेला होल्ड परत येत नाही. तो मार्ग पुढच्या सगळ्यांसाठी बिघडतो. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या वालुकाश्म सुळक्यांवर म्हणूनच ओल्या दगडावर चढायला नियमाने बंदी आहे, आणि अमेरिकेतल्या नेवाडात रेड रॉकच्या वालुकाश्म कड्यांवर पावसानंतर २४ ते ७२ तास थांबायला सांगतात. झड लागली असेल तर मला ७२ तासही अपुरे वाटतात.

अडचण अशी की हा दगड वरून फार लवकर सुकतो. वाऱ्यावर रंग उजळतो, हाताला कोरडा लागतो, हाताला लावलेली चॉकची पूडही छान बसते, आणि दोन बोटं आत ओल तशीच असते. म्हणून दगडाकडे नंतर बघा, आधी पायथ्याची माती उकरा. ओव्हरहँगच्या आडोशाला नको. थेट पाऊस पडलाय आणि भिंतीइतकंच ऊन मिळतंय अशी जागा निवडा. वरची कोरडी पापडी बाजूला सारून चार बोटं खोल जा, तिथली माती मुठीत दाबा. काळसर दिसली, गार लागली, गोळा झाला, की सामान आवरा. इतक्या लांबून आलोय वगैरे हिशोब इथे चालत नाहीत.

माती भुरभुरीत निघाली तरी लगेच दोर काढू नका. ही चाचणी ‘नाही’ खात्रीने सांगते, ‘हो’ सांगत नाही. आता खोबणीच्या आत, भेगेच्या मागच्या बाजूला, होल्डच्या खालच्या अंगाला गडद डाग शोधा. सावलीतल्या कातळाला हाताची मागची बाजू लावा, मग शेजारच्याच न भिजलेल्या आडोशाच्या कातळाला. ओल उडत असताना दगड थंड पडतो. फरक हाताला कळतो.

होल्ड जोरात ओढून ‘टिकतोय की’ असं ठरवू नका. तुटला तर नुकसान झालंच. टॉवेलने फक्त वरचं पाणी जातं. ब्लोटॉर्चने दगड वाळवणं तर मी गुन्हाच मानतो: उष्णतेने त्याचे पापुद्रे सुटतात.

पाऊस नसतानाही कातळ घामेजतो. थंड पडलेल्या दगडावर उबदार दमट हवा आली की पाणी धरतं. ते वरवरचं असतं, वारा सुटेपर्यंत थांबा.

माथ्याकडून ओघळ येतायत का आणि उतरायची वाट निसरडी आहे का, तेही पाहून घ्या. अँकरवरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या जागेवरच्या, जुन्या स्लिंग (पट्ट्यांचे फास) भिजल्या असतील तर स्वतःच्या कोरड्या लावा: नायलॉन ओलं झालं की कमजोर पडतं. भिजलेल्या दोराचीही पडणाऱ्याचा झटका पेलण्याची क्षमता बरीच घटते, तेव्हा तो पूर्ण वाळेपर्यंत लीड करू नका, म्हणजे दोर खालून वर नेत पहिले चढू नका.