फोनवरील शेल सर्व्हर पुन्हा कसा सुरू झाला : माझा अनुभव

कोल्हापुरात उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुना अँड्रॉइड फोन भट्टीच्या तापमानाच्या नोंदी ठेवतो, आणि त्या राजारामपुरीतील घरून पाहता याव्यात म्हणून मी ड्रॉपबेअर या मुक्तस्रोत एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षितपणे शिरून आज्ञा देण्याची सोय) सर्व्हरवर आधारित एक छोटे ॲप तयार केले आहे.

ॲपची टार्गेट एपीआय पातळी (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवले आहे हे सांगणारा आकडा) 28 वरून 29 केली आणि सर्व्हर सुरूच होईना; लॉगमध्ये ‘पर्मिशन डिनाइड’ एवढेच दिसे. दोन रात्री मी फाइलच्या परवानग्या बदलून पाहिल्या, परंतु दोष तिथे नव्हता. अँड्रॉइड 10 पासून, ही पातळी 29 किंवा अधिक असलेल्या ॲपला स्वतःच्या लिहिता येणाऱ्या फोल्डरमधील फाइल थेट चालवता येत नाही, आणि माझे ॲप ड्रॉपबेअरची बायनरी, म्हणजे थेट चालणारी प्रोग्राम फाइल, नेमकी तिथेच उतरवत होते. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम मला योग्यच वाटतो.

मग त्या बायनरीला ‘लिब’ने सुरू होणारे आणि ‘.एसओ’ने संपणारे नाव देऊन ती नेटिव्ह लायब्ररींमध्ये (ॲपसोबत येणाऱ्या तयार कोडच्या फाइलींमध्ये) ठेवली, इन्स्टॉल होताना त्या लायब्ररी उलगडल्या जाव्यात अशी नोंद मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये) केली आणि सर्व्हर तिथूनच चालवला. तो फोल्डर ॲपला केवळ वाचता येतो, त्यामुळे तेथील फाइल चालवण्यास मुभा असते.

रूट नसलेल्या, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार न मिळवलेल्या, फोनवर ॲपला 1024 खालील पोर्ट (जोडणीसाठीचा क्रमांक) मिळत नाही, म्हणून एसएसएचच्या नेहमीच्या 22 ऐवजी 2222 वापरला. पासवर्डने प्रवेश पूर्ण बंद केला असून आता फक्त की (किल्लीसारखी वापरली जाणारी गुप्त फाइल) चालते.