फोन चोरीला गेला, अर्धवट गाणं पुढे कसं न्यावं?

मोबाइलवरच गाणी करणाऱ्याचा फोन गेला की हँडसेटचे पैसे दुय्यम ठरतात. जीव अडकलेला असतो आतल्या कामात: गणपतीसाठी बसवलेली चाल, एकांकिकेचं पार्श्वसंगीत, रात्री उशिरा गुणगुणून ठेवलेला मुखडा. यातलं बरंचसं परत मिळू शकतं. किती मिळेल, ते तुम्ही कुठलं अ‍ॅप वापरत होता आणि पहिल्या दिवशी काय केलंत यावर आहे.

आधी सिम आणि बँक

जवळच्या कुणाचाही फोन घ्या आणि सिम कंपनीला सांगून सिम बंद करा. यूपीआय, ओटीपी, व्हॉट्सअ‍ॅप सगळं त्या सिमला बांधलेलं आहे. दुसरा फोन बँकेला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर थांबू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.

मग दुसऱ्याच्या फोनवरून गूगलचं ‘फाइंड हब’ उघडून (पूर्वीचं नाव फाइंड माय डिव्हाइस) फोन लॉक करा. आयफोन असेल तर आयक्लाउडवरून ‘लॉस्ट मोड’ लावा.

इथेच दुसरं बटण दिसतं, सगळा डेटा पुसण्याचं. पोलिसांपासून मित्रांपर्यंत सगळे म्हणतील, पुसून टाक. माझं मत जरा वेगळं आहे. अलीकडच्या फोनमधला डेटा स्क्रीनलॉकमागे एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पिनशिवाय वाचता येणार नाही असा असतो. पिन बरा असेल आणि गाण्याची एकमेव प्रत त्याच फोनमध्ये असेल, तर फक्त लॉक करून थांबायला हरकत नाही. फोन हातातून उघडाच हिसकावला असेल, म्हणजे लोकलच्या दारात उभं राहून बोलताना फटका गँगने (हातावर फटका मारून फोन पाडणाऱ्या चोरांनी) उडवला असेल, किंवा लॉकच नसेल, तर मात्र गाण्याची माया सोडा आणि पुसा.

आयफोनवाल्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. तो फोन आपल्या अ‍ॅपल खात्यातून काढून टाकू नका, काढला की अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (दुसऱ्याला तो फोन सुरू करून वापरू न देणारं कुलूप) सुटतो आणि चोराचं काम सोपं होतं. काही दिवसांनी ‘तुमचा आयफोन सापडला आहे, इथे क्लिक करा’ असा मेसेज येईल. तो पासवर्ड काढून घेण्यासाठीच पाठवलेला असतो.

पोलीस आणि सीईआयआर

लोकलमध्ये किंवा स्टेशनावर चोरी झाली असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जायचं, त्यांची हेल्पलाइन १५१२. बाकी कुठेही झाली असेल तर जवळचं पोलीस ठाणं. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात हद्द न पाहता तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद आहे. कागदावर ‘गहाळ’ लिहिलंय की ‘चोरी’ हेही तिथेच वाचा. फोनचा विमा असेल तर गहाळच्या दाखल्यावर दावा अडकू शकतो.

त्यानंतर सरकारच्या ‘संचार साथी’वरच्या सीईआयआर (चोरीचे फोन ब्लॉक करणारी यंत्रणा) पोर्टलवर फोन ब्लॉक करा. ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये आधी महाराष्ट्र-गोव्यात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर आली. पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र, बिल आणि १५ अंकी आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) लागतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात, दोन्ही भरा. खोका फेकून दिला असेल तर बिलावर बघा, किंवा फाइंड हबमध्ये फोनच्या माहितीत सापडेल. ब्लॉक झालेला फोन भारतातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही, आणि कुणी सिम घालून बघितलं तर त्याची खबर यंत्रणेला लागते.

डुप्लिकेट सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. फसवणूक टाळण्यासाठीच तो नियम आहे. म्हणून ओटीपी लागणारी सगळी कामं दुसऱ्या दिवशी ठेवा, दुकानात सिमवाल्याशी भांडून उपयोग नाही.

गूगल खात्यात परत शिरणं

संगीताच्या दृष्टीने खरी किल्ली ही. बँडलॅबसारख्या गाणी करण्याच्या अ‍ॅपपासून विकत घेतलेल्या अ‍ॅपपर्यंत सगळं बहुधा गूगल नाहीतर अ‍ॅपल खात्यावर उघडलेलं असतं. नव्या फोनवर लॉगिन करायला गेलात की गूगल म्हणतं, तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला ‘होय’ म्हणा. तो फोन तर चोराकडे! अशा वेळी ‘दुसरा मार्ग’ निवडा: नव्या सिमवर एसएमएस, किंवा आधीच लॉगिन असलेला घरचा लॅपटॉप, किंवा बॅकअप कोड. गूगल असे आठ अंकी १० कोड देतं. ज्यांनी अजून घेतलेले नाहीत त्यांनी खात्यात शिरताच घ्यावेत आणि कागदावर लिहून सुरांच्या वहीत ठेवावेत. पासवर्डही तेव्हाच बदला.

काय वाचलंय ते शोधा

बँडलॅब वापरत असाल तर निम्मी काळजी मिटली. प्रोजेक्ट त्यांच्या सर्व्हरवर साठतो, अ‍ॅप मोफत आहे आणि ब्राउझरमध्येही चालतं. सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलंत तरी ट्रॅक जसेच्या तसे समोर येतात. नेट बंद असताना केलेलं आणि अपलोड न झालेलं काम तेवढं गेलं.

आयफोनवरच्या गॅरेजबँडचं अर्धं-अर्धं आहे. गाणी आयक्लाउड ड्राइव्हमध्ये ठेवायची सेटिंग चालू असेल तर मिळतात, ‘ऑन माय आयफोन’मध्ये असतील तर आयफोनचा पूर्ण बॅकअप असावा लागतो.

एफएल स्टुडिओ मोबाइल हे विकत घेतलेलं अ‍ॅप त्याच खात्यावर पुन्हा फुकट उतरवता येतं, पण प्रोजेक्ट फोनच्या आतच राहतात. तुम्ही हाताने कुठे पाठवले नसतील तर ते नाहीत. ‘अँड्रॉइडचा बॅकअप चालू होता की!’ असं बरेच जण म्हणतात. त्या आपोआप होणाऱ्या बॅकअपची मर्यादा दर अ‍ॅपमागे २५ एमबी आहे. स्टिरिओ वेव्ह (मूळ दर्जाची ऑडिओ) फाइल मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे एका गाण्याचे चार ट्रॅकसुद्धा त्यात मावत नाहीत. गूगल फोटोज तर ऑडिओ घेतच नाही.

फोटोज व्हिडिओ मात्र घेतं. तालमीत कुणी शूट केलं असेल, पेटी वाजवताना तुम्हीच कॅमेरा लावला असेल, तर त्या व्हिडिओतून आवाज वेगळा काढता येतो. आणि सगळ्यात मोठं कोठार मित्रांच्या फोनमध्ये असतं. ‘ऐक रे जरा, अंतरा कसा वाटतो’ म्हणून पाठवलेली प्रत्येक फाइल तिकडे पडलेली आहे. ग्रुपवर एकच मेसेज टाका: माझ्याकडून आलेले सगळे ऑडिओ परत पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल आहे तशी पोचते. व्हॉइस नोट मुळातच आकार लहान करण्यासाठी दाबलेली असते, तिचा उपयोग चाल आठवण्यापुरता.

ट्रॅक सगळे गेले आणि नुसती मिक्स एमपीथ्री हाती लागली, असंही होतं. मॉइझेस हे अ‍ॅप किंवा बँडलॅबचं स्प्लिटर त्यातून गायन, ड्रम्स, बास आणि उरलेलं असे भाग वेगळे करतं. ही साधनं बँडच्या रचनेवर घडलेली आहेत. तबला टाकलात तर बहुधा चाटीचा आवाज ड्रम्समध्ये आणि डग्ग्याचा घुमारा बासमध्ये जातो. गायन पुष्कळदा वापरता येईल इतपत स्वच्छ निघतं. तेवढं घ्या, ठेका नव्याने वाजवा.

नवा फोन येईपर्यंत

घरातल्या कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड काढा. सेकंडहँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी केवायएम, मधे जागा सोडून आयएमईआय नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर दुकानातून बाहेर पडा. तुमच्यासारखाच कुणीतरी तो शोधत असेल.

जुन्या फोनवर खरी डोकेदुखी लेटन्सीची. तुम्ही सूर लावता आणि तो कानात उशिरा येतो. ब्लूटूथ इअरफोन तर बाजूलाच ठेवा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा चौथा हिस्सा १२५. ब्लूटूथचा उशीर सहज तेवढा होतो, म्हणजे चौपटीतला आख्खा एक बोल मागे. वायरचे इअरफोन लावा. टाइप-सी फोनला स्वस्त कन्व्हर्टर जोडून आवाज आला नाही तर फोन बिघडलेला असेलच असं नाही, काही फोनना आत डीएसी चिप (डिजिटल आवाज इअरफोनला चालेल असा करणारी) असलेलाच कन्व्हर्टर लागतो.

मग ही चाचणी करा. मेट्रोनोम (लयीची टिकटिक) लावा, इअरफोनचं एक बोंडूक फोनच्या माइकला चिकटवा आणि रेकॉर्ड करा. टिकटिक रेघेच्या किती पुढे उमटली ते पडद्यावर दिसेल, तितका ट्रॅक मागे सरकवायचा. बँडलॅबसारख्या अ‍ॅपमध्ये हा उशीर मोजून दुरुस्त करायची सोय सेटिंगमध्येच मिळते. विमान मोड चालू, बॅटरी सेव्हर बंद. आठ-दहा ट्रॅक झाल्यावर आवाज तुटायला लागला तर ठेका आणि साथ एकत्र करून एकच फाइल बनवा आणि तीवर पुढे गा.

हरवलेली चाल पुन्हा बांधताना

काहीच मिळालं नाही, चाल फक्त डोक्यात आहे असं धरून चालू. आधी अ‍ॅपशी खेळत बसू नका. जी आठवते ती साध्या रेकॉर्डरवर गाऊन टाका, शब्द विसरले तर आकारात. डोक्यातली चाल दुसरं गाणं ऐकलं की सरकते.

मग नवा प्रोजेक्ट. समजा गवळण आहे, दादऱ्यात, पट्टी काळी दोन. अ‍ॅपमध्ये काळी दोन म्हणजे डी शार्प, कुठे तीच ई फ्लॅट म्हणून दिसेल. ताल आधी ठरवा: टाइम सिग्नेचर (एका आवर्तनातल्या मात्रांची सेटिंग) ६/८ करा, मगच ड्रम मशीन उघडा. बरेच जण ४/४ वरच सुरुवात करतात आणि १६ चौकटींत सहा मात्रा कोंबत बसतात, दुसऱ्या आवर्तनाला सम भलतीकडेच. सहाच्या चौकटीत ‘धा धी ना, धा ती ना’ भरताना धा आणि धीला खालचा, डग्ग्यासारखा आवाज द्या. ती आणि नाला फक्त वरचा. तबल्याचा सेट नसेल तर कोंगा आणि बोंगो चालतात. केहरवा आणि भजनी ठेक्याला ४/४ बरोबर. रूपकाला ७ ची सोय अ‍ॅपमध्ये नसेल तर मेट्रोनोमचा पहिल्या मात्रेवरचा जोर काढून टाका आणि नुसती टिकटिक ठेवा.

तानपुरा घरातल्या दुसऱ्या फोनवर लावा, त्याचा इअरफोन एका कानात, ठेक्याचा दुसऱ्यात. दिसतं विचित्र, पण तानपुरा माइकमध्ये शिरत नाही. पेटीबरोबर गाणार असाल तर आधी पेटीचा सा आणि अ‍ॅपचा सा जुळवून बघा. अ‍ॅप ४४० हर्ट्झवर (सूर जुळवण्याचं पाश्चात्त्य प्रमाण) असतं, जुन्या पेट्या क्वचितच असतात. तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सेंटने (सुराच्या बारीक मापाने) सूर वरखाली करता येतो. पेटी बदलत नाही, म्हणून अ‍ॅपने वाकायचं.

गाताना माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका. बहुतेक फोनमध्ये माइक खालच्या कडेला असतो, तिथेच तळहात ठेवून बसू नका. पंखा बंद, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड. रेकॉर्डरमधलं नॉइज रिडक्शन नक्की बंद करा. त्याला सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट वाटतो, त्यामुळे ते तानपुरा आणि लांबवलेल्या सुराची शेपटी खाऊन टाकतं.

फाइली कुठे ठेवायच्या

प्रोजेक्ट फाइलवर भरवसा ठेवू नका, ती त्या अ‍ॅपशिवाय उघडत नाही. दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेगळा वेव्ह म्हणून काढा. असे ट्रॅक कुठल्याही अ‍ॅपमध्ये एकाखाली एक टाकले की आपोआप जुळतात. नावातच लय आणि पट्टी लिहा: ‘गवळण_पेटी_८४_काळी२’. चार मिनिटांचं, आठ मोनो ट्रॅकचं गाणं सुमारे १६० एमबी होतं. गूगलच्या फुकट १५ जीबीत मेल आणि फोटोही बसतात, तेव्हा जुनी गाणी पेन ड्राइव्हवर हलवत राहा. ओटीजी पेन ड्राइव्ह फोनला थेट लागतो.

चोरीचा फोन सापडला तर

पोलिसांचा फोन येतो, कधी बऱ्याच महिन्यांनी. फोन ताब्यात घेतलात की सीईआयआरवर अनब्लॉकची विनंती टाका. पण घाईघाईने वायफाय लावू नका. तुम्ही आधी पुसण्याची आज्ञा दिली असेल आणि फोन तेव्हापासून नेटवर आलाच नसेल, तर ती अजून वाट बघत असते आणि नेट मिळताच चालते. सिम न घालता फोन चालू करा, विमान मोड लावा, अ‍ॅप उघडून ट्रॅक बाहेर काढा आणि केबलने किंवा ओटीजीने उतरवून घ्या. हे सगळं झाल्यावर मग फोन नेटला जोडा.