बालवाडीत मूल रमत नाही? या चुका टाळा

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की पहिले पंधरा दिवस दारात रडारड असते. आईला लोकल गाठायची असते, ताई मुलाला आत घेतात आणि आई नजर चुकवून निघून जाते. ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. मागे वळून पाहिल्यावर आई दिसली नाही, तर मूल दुसऱ्या दिवशी तिचा हात सोडतच नाही, कारण ती केव्हाही नाहीशी होऊ शकते हे त्याला कळलेले असते. त्यापेक्षा सांगून निघावे, भले ते रडो. आणि "बारा वाजता येते" असे न म्हणता "खाऊ खाऊन गोष्ट झाली की येते" असे सांगावे, म्हणजे वेळ त्याला समजते. आमच्या वर्गातील एक मुलगी चार दिवस आईचा रुमाल मुठीत घट्ट धरून बसायची. तो आम्ही मागितला नाही. पाचव्या दिवशी मातीत खेळायला दोन्ही हात लागणार होते, म्हणून तिने स्वतःच तो दप्तरात ठेवला.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. एका खोलीत पंचवीस मुले असली की गप्प बसणारे मूल "शहाणे" ठरते. मुंबईत एकाच वर्गात घरी भोजपुरी, गुजराती, तेलुगू बोलणारी मुले असतात. नवी भाषा त्यांना आधी समजू लागते आणि बोलणे पुष्कळदा काही महिन्यांनी येते. अशा मुलाला "बोल ना" म्हणून सर्वांसमोर उभे करू नये. उलट पाणी, शू, दुखते आहे, घरी जायचे आहे एवढे शब्द ताईंनी त्याच्या भाषेत शिकून घ्यावेत. मात्र मूल घरीही बोलत नसेल किंवा हाकेला वळून पाहत नसेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी.

सहभाग म्हणजे स्नेहसंमेलनातला नाच, हा समजही सोडायला हवा. मुलाने काढलेल्या हत्तीला पाच पाय असतील, तर ताईंनी पाचवा पाय खोडू नये, "हा कशाचा?" असे विचारावे. आज आधी माती की गाणी, हे रोज एकदा तरी मुलांना ठरवू द्यावे आणि त्यांनी ठरवले तसेच करावे; विचारून आपलेच पुढे रेटले की मुले उत्तर देणे थांबवतात.

तिसऱ्या वर्षी पाटीवर अक्षरे गिरवून घेण्याची घाई पालक पहिलीच्या प्रवेशाच्या भीतीने करतात. शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच मनाई केली आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला असून त्यात भर खेळावर आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला खेळातून शिकवणे कितीतरी आधी करून दाखवले होते.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी. गाड्या बंद पडल्या तर न्यायला कोण येईल हे ताईंना लिहून द्यावे, शेजारच्या काकू येणार असतील तर त्यांना एकदा वर्गात आणून भेटवावे आणि मुलालाही सांगावे, "मला उशीर झाला तर या येतील."