इतिहासाच्या पुस्तकांवरचे वाचकांचे अभिप्राय कसे चाळायचे

इतिहासाचं एखादं गाजलेलं पुस्तक घेऊ की नको असं झालं की आपण अभिप्राय वाचत बसतो, आणि वाचून झाल्यावर गोंधळ आधीपेक्षा जास्त. एक म्हणतो डोळे उघडले, दुसरा म्हणतो नुसत्या थापा, तिसऱ्याने एक स्टार दिलाय कारण पार्सल उशिरा आलं. हे सगळं सरसकट वाचायचं नसतं, चाळणी लावायची असते, ती कशी ते सांगते.

आधी ते सरासरी रेटिंग विसरा. कादंबरीला ते थोडंफार चालतं. इतिहासाच्या पुस्तकात स्टार एवढंच सांगतात की वाचताना मजा आली का, लिहिलंय ते खरं आहे का हे वाचकाला बहुतेक वेळा माहीतच नसतं, आणि असणार कसं, माहीत असतं तर पुस्तक कशाला घेतलं असतं! गॅव्हिन मेन्झिस नावाच्या पाणबुडीवरच्या निवृत्त अधिकाऱ्याने २००२ साली '१४२१' लिहिलं, दावा असा की चिनी जहाजं कोलंबसाच्या सत्तर वर्षं आधीच अमेरिकेला पोचली होती. पुरावा नाही म्हणून इतिहासकारांनी ते उडवून लावलं. पुस्तक मात्र धडाक्यात खपलं, आवडलं म्हणणारेही भरपूर, कारण गोष्ट म्हणून ते रंगतंच.

म्हणून मी थेट तीन स्टारवाले उघडते. पाचवाले बहुतेक भारावलेले असतात, एकवाले भांडायला आलेले, तीनवाल्याला मात्र पुस्तक आवडलेलं असतं पण कुठेतरी खटकलेलं असतं आणि ते कुठे हे तो सांगून टाकतो.

आणि शोधायचं तेच, बोट ठेवलेली जागा. 'अभ्यासपूर्ण', 'प्रत्येकाने वाचावं असं', 'लेखक बायस्ड आहे' यातून काहीही कळत नाही. पण चौथ्या प्रकरणातली लढाई एकाच बाजूच्या पत्रांवरून रंगवलीय, किंवा तळटीप दिलीय ती दुसऱ्या एका लोकप्रिय पुस्तकाचीच आहे, मूळ कागद कुठेच नाही, असं कोणी लिहिलं असेल तर तिथे थांबा, मग लिहिणारा प्राध्यापक असो नाहीतर कोणीही.

'कोणीही' असं मी उगाच म्हणत नाही. मायकेल बेलील यांचं 'आर्मिंग अमेरिका' २००० साली आलं. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत फार थोड्या लोकांकडे बंदुका होत्या असं त्यात म्हटलं होतं आणि त्यासाठी मयत माणसांच्या मालमत्तेच्या जुन्या याद्या तपासल्याचं लेखक सांगत होते. भरपूर कौतुक झालं, २००१ मध्ये बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळालं, तिकडे इतिहासलेखनात ते फार मानाचं. पण अगदी आधीपासून शंका घेणाऱ्यांत एक सॉफ्टवेअर इंजिनिअर होता, हौशी अभ्यासक, तो एकेक तळटीप मूळ साधनांशी ताडून बघत बसला आणि जुळेचना. पुढे कायद्याच्या एका प्राध्यापकाने याद्यांचे आकडे तपासले, तेही बसेनात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्या नोंदी पाहिल्या असं लेखक सांगत होते त्या तर १९०६ च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झालेल्या. २००२ मध्ये पारितोषिक काढून घेतलं, लेखकाने विद्यापीठातली नोकरी सोडली. आता तो इंजिनिअर स्वतः बंदुका बाळगण्याच्या हक्काच्या बाजूचा होता, म्हणजे बायस्डच म्हणा ना, पण तळटीप चुकली ती चुकलीच. आक्षेप घेणाऱ्याचा कल जरूर बघा, फक्त तेवढ्यावरून आक्षेप खोडून काढू नका.

यातूनच पुढची युक्ती निघते, अभिप्राय एकदा तारखेप्रमाणे लावून बघा. सुरुवातीचे अभिप्राय उत्साही लोकांचे असतात आणि 'सर्वांत उपयुक्त' म्हणून वर चिकटलेला अभिप्राय कित्येकदा पहिल्या महिन्यातलाच असतो. तपासणी करणाऱ्यांना वेळ लागतो.

मानवजातीची आख्खी कहाणी एकाच पुस्तकात सांगणारे असतात त्यांचं गणित जरा वेगळं आहे. जॅरेड डायमंड यांचं 'गन्स, जर्म्स अँड स्टील' (१९९७) घ्या, किंवा हरारींचं 'सेपियन्स', इंग्रजीत ते २०१४ ला आलं. यांच्यावर जाणकार वाचकाचं ठरलेलं म्हणणं असतं, की बाकी पुस्तक छान पण माझ्या विषयाचं प्रकरण कच्चं आहे. एकाने म्हटलं तर सोडून द्या, हजारो वर्षं एका पुस्तकात कोंबायची तर काहीतरी निसटणारच. पण शेतीचा अभ्यास असलेला, पुरातत्त्ववाला, मानववंशशास्त्रवाला असे वेगवेगळे लोक आपापल्या प्रकरणाबद्दल तेच म्हणायला लागले तर मग 'बाकी छान' मधलं बाकी उरतं किती? डायमंडवरचा नेहमीचा आक्षेप, म्हणजे काही समाज पुढे का गेले याचं सगळं कारण भूगोलावर टाकलंय आणि माणसांनी घेतलेले निर्णय बाजूला राहिलेत, तो मात्र पुस्तक वाचायच्या आधी माहीत असलेला बरा, वाचताना मजा वाढते उलट.

'लेखक इतिहासकारच नाही' हा आक्षेप एकटाच आला तर सरळ पुढे जा. बार्बरा टकमन यांच्याकडे इतिहासातली डॉक्टरेट नव्हती आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीवरचं त्यांचं 'द गन्स ऑफ ऑगस्ट' (१९६२) पुलित्झर पारितोषिक घेऊन गेलं. हां, ते पुस्तक जुनं झालंय असं कोणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे, ते युद्ध का पेटलं यावर त्यानंतर कितीतरी नवं संशोधन झालं. जुन्या पुस्तकावर नुकताच लिहिलेला अभिप्राय असेल तर त्यात याचा उल्लेख आहे का बघा.

ऑडिओबुकचे स्टार वाचणाऱ्या आवाजाला असतात आणि रटाळ भाषांतराची शिक्षा मूळ लेखकाला होते, दोन्ही वेगळे काढा.

एवढं चाळून झालं की हातात दोनतीन नेमके आक्षेप उरतात. त्यातला एकच घ्या, पुस्तकाची नमुना पानं मिळत असतील तर संदर्भसूची उघडा आणि त्या दाव्याला काय आधार दिलाय ते बघा, अर्धा तास पुरतो. संदर्भसूचीच नसेल तर तेही उत्तरच झालं, तरीही घ्यायचं असेल तर गोष्ट म्हणून घ्या, छान वेळ जातो, फक्त वादात त्यातले दाखले देऊ नका.

आणि वाचून झाल्यावर स्वतः लिहिणार असाल तर सारांश लिहू नका प्लीज, तो मागच्या कव्हरवर असतो. एक जागा सांगा जी पटली, एक जी खटकली, पानाच्या नंबरासकट, आणि या विषयावर आधी काय वाचलंय ते एका ओळीत लिहा. काहीच वाचलेलं नसेल तर तसंही लिहा, तुमच्यासारखाच कोरा वाचक तेच शोधत असतो.